पुजाचा प्रोजेक्ट आणि गिरणीचं अर्थिंग

तांडा, गोरेगाव, जि. हिंगोली
६ ऑगस्ट २०२४

साजीद सरांना प्रेमदास राठोडचा नमस्कार.

सर, तुमच्या बारावी सायन्सच्या वर्गातल्या पुजाचा मी बाप. तांड्यावर माझी पिठाची गिरणी हाय. तुमाला फोन लावून थकलो. तुमी वर्गात असता तेव्हा तुमचा बंद, अन् तुमी परत लावता तेव्हा इकडं गिरणी चालू, मला एक अक्षर ऐकू येत न्हाई. म्हणून लिहून राहिलो. तोंडानं बोललो असतो तर काही बाही निघून गेलं असतं. कागदावर माणूस जरा दमानं घेतो.

तकरार अशी हाय. परवा पुजानं लाकडाच्या पट्टीवर एक बल्ब बसवून आणला. होल्डरला दोन वायरी. एक वायर बोर्डात खुपसली अन् दुसरी गिरणीच्या अर्थिंगच्या वायरीला लावली. म्हणे, प्रोजेक्ट हाय. बल्ब लागला, पण कसा? विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. नेमकी तेव्हाच रुख्मिणीबाई ज्वारीचा डबा घेऊन गिरणीला टेकली, अन् "अगं आई गं" करून तिनं डबा सोडला. सगळी ज्वारी जमिनीवर. आता पोरीनं काय करावं? बाईला पाणी द्यावं, ज्वारी भरून द्यावी. तिनं काय केलं, तर लाल स्केचपेन घेतला, कागदावर लिहिलं, "सावधान, या गिरणीला अर्थिंग नाही", अन् दारावर चिटकवला. मी फाडला. तिनं दुसरा चिटकवला.

आता तांड्यावरच्या बाया डोक्यावर दळण घेऊन गोरेगावच्या रस्त्याला लागल्यात. माझ्या दारावरून जातात अन् दाराकडं असं बघतात जसं आत कुणी मेलं हाय.

सर, पोरगी तुमच्याकडं फिजिक्स शिकायला पाठवली, बापाची गिरणी बंद पाडायला न्हाई. माझ्या गिरणीनं आजवर कुणाला झटका दिलेला न्हाई. तिला नीटची परीक्षा द्यायची हाय, लाईनमनची न्हाई. पुस्तकात जे हाय ते शिकवा.

पत्र रोज तांड्यावरून गोरेगावला येणाऱ्या भीमसिंगच्या जीपमधून पाठवतो. पुजाच्या हाती दिलं असतं, तर तिनं त्याला पण बल्ब लावून बघितला असता.

आपला,
प्रेमदास राठोड


गोरेगाव
८ ऑगस्ट २०२४

आदरणीय प्रेमदासभाऊ,

नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. रुख्मिणीबाईंना तकलीफ झाली याचं वाईट वाटतं. त्यांची तब्येत बरी आहे, असं पुजानं सांगितलं.

भाऊ, रागावू नका, पण पुजानं जे पाहिलं ते खरं आहे. गिरणीचा सांगाडा लोखंडाचा. मोटरमध्ये कुठं बिघाड झाला, तर वीज त्या लोखंडात येते. अर्थिंगची वायर ती वीज गुपचूप जमिनीत नेऊन सोडते. ती वायर जमिनीला नीट जोडलेली असेल, तर पुजाचा बल्ब घरातल्या बल्बाइतकाच लख्ख लागायला हवा. तो मिणमिणला, याचा अर्थ वीज जमिनीत जायला वाट शोधतेय आणि तिला वाट सापडत नाही. कागद चिटकव असं मी सांगितलं नव्हतं. पण त्यावर जे लिहिलंय, त्यात मला चूक काढता येत नाही.

आणि पुस्तकातलं शिकवा म्हणता, तर प्रात्यक्षिक पुस्तकातलंच आहे. बारावीला त्याचे तीस मार्क आहेत. आमच्या लॅबची काय अवस्था आहे ती माझ्याकडून ऐका. तिथं संस्थेनं स्नेहसंमेलनाच्या खुर्च्या रचून ठेवल्यात. मीटरब्रिज काढायचा तर आधी खुर्च्या व्हरांड्यात काढायच्या, तास संपला की परत आत. पोरं ओहमचा नियम शिकण्याआधी हमाली शिकतात. एवढ्या कटकटीत एखादी मुलगी स्वतःहून घरी जाऊन काही तपासून बघते, तेव्हा मला तरी बरं वाटतं.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो. मुलीच्या जातीनं वायरीला हात लावू नये, किंवा आता शिक्षण पुरे, लग्नाचं बघू, असं काही तुमच्या मनात असेल, तर कृपा करून थोडं थांबा. पुजा हुशार आहे.

आपला,
साजीद


तांडा
१२ ऑगस्ट २०२४

साजीद सर,

लग्नाचं कुणी काढलं? माझ्या पत्रात लग्न हा शब्द कुठं हाय ते दाखवा. तांड्यावरचा माणूस दिसला की तुमा लोकांना लगेच पोरीचं लग्न दिसतं. पुजाला लातूरला क्लासला ठेवायचं म्हणून मी अन् तिची याडी म्हंजी आई, आमी दोघं पहाटपासून पीठ खाऊन राहिलो. नाकातून पीठ, कानातून पीठ. अन् मास्तर मला लिहितो, थोडं थांबा.

आता माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या. बल्ब लावायच्या आधी रुख्मिणीबाई शंभर वेळा गिरणीला टेकली असंल. तेव्हा काही झालं न्हाई. पुजानं बल्ब लावला अन् तेव्हाच झटका बसला. मंग झटका गिरणीनं दिला, का तुमच्या बल्बानं? फिजिक्स शिकवता न्हवं? सांगा.

दुसरं. बोर्डात फ्यूज हाय. काही झालं की फ्यूज उडतो, एवढं लहान लेकराला पण ठाऊक हाय. मंग अर्थिंग असलं काय अन् नसलं काय?

पुजाचं प्रॅक्टिकल आजपासून बंद. थेअरीला येईल, तास झाला की जीपनं घरी.

प्रेमदास राठोड


गोरेगाव
२० ऑगस्ट २०२४

आदरणीय प्रेमदासभाऊ,

लग्नाबद्दल लिहिलं ते मी मागं घेतो. चुकलो. तुम्ही पुजासाठी काय करताय ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना लिहिलं.

तुमचा पहिला प्रश्न डोक्यातून जात नव्हता. तुमचं बराबर आहे. त्या दिवशी वीज आली ती बल्बातून आली. ती अर्थिंगच्या वायरीत गेली, वायर गिरणीच्या सांगाड्याला जोडलेली, आणि जमिनीत जायला वाट नाही म्हणून सांगाड्यावरच थांबली. रुख्मिणीबाईंनी हात लावला आणि तिला त्यांच्या अंगातून वाट मिळाली. अर्थिंग चांगलं असतं, तर बल्ब लख्ख लागला असता आणि बाईंना काही कळलंही नसतं. म्हणजे बल्बही खरा आणि तुम्हीही खरे. ही तपासणी मी फळ्यावर समजावली, पण कुणी घरी एकट्यानं करू नका, हे ठणकावून सांगायला हवं होतं. आता सांगितलंय. पुजालाही.

पण त्या दिवशी तिथं बल्ब होता म्हणून झटक्यावर निभावलं. उद्या मोटरच्या आतली तार सुटून सांगाड्याला लागली, तर मध्ये बल्ब नसेल.

आता फ्यूज. भाऊ, हे दोनदा वाचा. फ्यूज तुमच्या मोटरसाठी आहे, माणसासाठी नाही. माणूस जायला इतकी थोडी वीज पुरते की फ्यूजला पत्तासुद्धा लागत नाही. हात चिकटलेला राहील, गिरणी चालू राहील आणि फ्यूज आपला शाबूत. अर्थिंग चांगलं असेल, तर मात्र बिघाड होताच वीज धो धो जमिनीत धावते, आणि एवढ्या विजेनं फ्यूज त्याच क्षणी उडतो. म्हणजे तुमचा फ्यूज अर्थिंगच्या जिवावर काम करतो. एकटा तो काही कामाचा नाही.

मला एकदा येऊन बघू द्या. आणि पुजाला प्रॅक्टिकलला पाठवा. बाकीच्यांचे चार प्रयोग झाले, तिची जर्नल कोरी आहे. कोऱ्या जर्नलवर मी सही करू शकत नाही.

आपला,
साजीद


गोरेगाव
६ सप्टेंबर २०२४

प्रेमदासभाऊ,

उत्तर नाही. भीमसिंग म्हणतो, पत्र तुमच्या हातात दिलं, तुम्ही उभ्यानं वाचलंत, घडी केलीत आणि खिशात घातलंत. मग बोला तरी काही. शिव्या द्या, पण द्या.

आज पोरांनी मीटरब्रिजच्या तारेवर जॉकी नावाची कळ सरकवत अज्ञात रोध काढला. पुजा खिडकीबाहेर जीपची वाट बघत उभी होती आणि तिथूनच आतल्या मुलाला "जॉकी सरकव, जॉकी सरकव" म्हणून ओरडत होती. मला हे बघवत नाही. तुम्हाला तरी बघवेल का?

साजीद


तांडा
१० सप्टेंबर २०२४

आदरणीय सर,

मी पुजा. हे पत्र घरी कुणाला माहीत नाही. जर्नलच्या कव्हरमध्ये घालून देते.

बा तुम्हाला उत्तर देणार नाहीत. पण तुमचं पत्र त्यांनी टाकलेलं नाही. गिऱ्हाईक नसलं की खिशातून काढतात, फ्यूजचं लिहिलंय तेवढं वाचतात आणि परत ठेवतात. मी समोर आले की म्हणतात, "काय बघून राहिली, अभ्यास कर."

सर, बांनी तुम्हाला लिहिलं ना, गिरणीनं कुणाला झटका दिला नाही? पावसाळ्यात सांगाड्याला हात लावला की मुंग्या येतात. मला येतात, बांना येतात. बा म्हणून रबरी चप्पल घालूनच गिरणीत जातात. आणि याडी जिथं उभी राहते, तिथं त्यांनी लाकडी फळी टाकलीय, वर पोतं. याडीनं विचारलं तर म्हणाले, फरशी गार असते, पाय दुखतील. तिला खरं वाटतं. ती सगळ्यांना सांगते, आमचे हे माझी किती काळजी घेतात.

कागद लावल्यावर बांनी गिरणी बसवणाऱ्या जुन्या फिटरला गुपचूप बोलावलं होतं. त्यानं वायर ओढून बघितली आणि सांगितलं, मजबूत आहे, पोरीचं काय ऐकता. बांना त्याचं खरं मानायचंय, पण मानता येत नाही. म्हणून ते सगळ्यांवर ओरडतात. सर, ते तुमच्यावर चिडलेले नाहीत, घाबरलेत.

मी बल्ब काढून ठेवलाय. पुन्हा लावला नाही, शपथ.

तुम्ही रविवारी दळण घेऊन या. सर म्हणून आलात तर बा दार लावून घेतील. गिऱ्हाइकाला ते नाही म्हणत नाहीत, आणि सध्या तर मुळीच नाही.

तुमची विद्यार्थिनी,
पुजा


तांडा
२४ सप्टेंबर २०२४

साजीद सरांना नमस्कार.

गहू घेऊन आलात तेव्हाच मी समजलो. गोरेगावात राहणारा माणूस दळायला तांड्यावर येतो व्हय? तिथल्या गिरण्या काय वाहून गेल्या? पण गिऱ्हाईक म्हणून आलात, म्हणून चहा दिला. अन् चहा दिल्यावर माणसाशी भांडता येत न्हाई, हे तुमाला बराबर ठाऊक हाय.

तुमी सांगितलं तसं केलं. मेन स्विच पाडला, फ्यूज काढून खिशात ठेवले अन् वायर जमिनीत जाते तिथं खणलं. मला वाटलं पुरुषभर खणावं लागंल. हातभर न्हाई खणलं तर वायरीचं टोक वर आलं. सर, ते विटेला गुंडाळलेलं होतं. पाईप न्हाई, पट्टी न्हाई, मीठ न्हाई, कोळसा न्हाई. एक वीट! इतकी वर्षं माझी गिरणी विटेच्या भरवशावर चालून राहिली. ओढली की हलत न्हाई म्हणून फिटर म्हणत होता, मजबूत हाय. खुंट्याला बांधलेली बकरी पण हलत न्हाई, म्हणून तिला काय अर्थिंग म्हणायचं?

फिटरला फोन लावला. म्हणे, "तेव्हा पाईप मिळाला न्हवता, नंतर टाकणार होतो." म्या विचारलं, "नंतर म्हंजी कधी? आमच्या दहाव्याला?" त्यानं फोन ठेवला.

पण खरी कटकट पुढंच झाली. हे सगळं होऊन राहिलं तेव्हा पुजाची याडी मिरा तिथंच उभी. तिनं वीट बघितली, वायर बघितली, मंग पायाखालची फळी बघितली. फळी उचलली अन् नेऊन चुलीत घातली. मंग म्हणाली, "मला सांगितलं असतं तर मी काय पळून गेले असते?" तेव्हापासून ती माझ्याशी बोलत न्हाई. भाकरी वाढते, पण ताट असं ठेवते की आवाज तांड्यात जातो.

गिरणी बंद हाय. हिंगोलीचा लायसनवाला इलेक्ट्रिशियन येणार हाय, तो खोल खड्डा करून पाईप टाकंल, तोवर चालू करणार न्हाई.

पुजा उद्यापासून प्रॅक्टिकलला येईल. आता तुमी तिला बॅटरीवरचा प्रोजेक्ट दिला, कोणती माती किती वीज नेते. घरातले सगळे डबे मातीनं भरले. साखरेच्या डब्यात काळी माती, चहाच्या डब्यात मुरूम, प्रत्येकात दोन खिळे. भाजीला मीठ न्हाई, कारण मीठ मातीत. सर, एक प्रोजेक्ट असा सांगा ज्यात माझ्या घरातलं काही लागत न्हाई.

आपला,
प्रेमदास


गोरेगाव
५ ऑक्टोबर २०२४

आदरणीय प्रेमदासभाऊ,

इलेक्ट्रिशियननं मीटर लावून अर्थिंग तपासलं आणि चांगलं निघालं, हे पुजानं सांगितलं. ऐकून हायसं वाटलं. डब्यांबद्दल मिराबाईंची माफी मागतो. बोलायला लागल्या का? तुम्ही फळी का टाकली होती ते मला कळतं. त्यांनाही कळत असेल, पण म्हणून राग थोडाच जातो.

पुजाच्या प्रोजेक्टमधून तुमच्या कामाचं एक निघालंय. काळी माती ओली असली की वीज छान नेते, मीठ घातलं की अजून छान. पण तीच माती वाळली, तिला भेगा पडल्या, की ती खिळ्याला सोडून बाजूला होते आणि मीटरचा काटा शून्यावर येऊन बसतो. आपल्याकडं उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात, तसंच तुमच्या पाईपाशी होणार. म्हणून चांगलं अर्थिंग झालं म्हणून विसरू नका. ऊन तापलं की खड्ड्यात पाणी घालत जा.

आता माझी कटकट ऐका, सांगायला दुसरं कुणी नाही. मी हा प्रोजेक्ट प्राचार्यांना दाखवला. ते म्हणाले, "मातीचे डबे काय ठेवता टेबलावर? हिंगोलीत तयार मॉडेल मिळतं, लुकलुकणारे दिवे असतात, परीक्षकांना आवडतं." मी म्हटलं, "सर, या पोरीला एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं, ते तिनं स्वतः शोधलंय." ते म्हणाले, "ते ठीक आहे, पण दिवे नाहीत ना." भाऊ, अशा वेळी डोकं आपटायला भिंत शोधावी, तर तिच्यासमोरही खुर्च्या.

डबे टेबलावर राहतील. ते मी बघतो.

आपला,
साजीद


तांडा
१९ जानेवारी २०२५

साजीद सरांना प्रेमदासचा नमस्कार.

सर, काल दुपारची गोष्ट. तुमाला फोन करायला हात धजला न्हाई, आज लिहून राहिलो.

लग्नसराईचे दिवस, दळणाची रांग लागलेली. पुजा कॉलेजात होती. मी पट्ट्याजवळ, मिरा तोंडाशी. नुकतीच फरशी धुतलेली, तिचे पाय उघडे, एक हात सांगाड्यावर अन् दुसऱ्या हातानं खाली पडणारं पीठ चिमटीत धरून बघून राहिली. मी तिला म्हणून राहिलो, "जाडं येतंय का?" अन् तेवढ्यात बोर्डात फाडकन आवाज झाला, ठिणगी उडाली, काळा धूर आला. मोटर गुरगुरत थांबली.

बस. एवढंच झालं.

बाया आधी ओरडल्या, मंग भांडायला लागल्या. कुणाचं अर्धं दळण आत अडकलं, कुणाच्या घरी पाहुणे बसलेले. मिरा माझ्यावर खेकसली, "कालच म्हटलं होतं मोटर गरम लागते, पण तुमी ऐकाल तर ना!" मी मेन पाडला. फ्यूज काढून बघितले, एकातली तार वितळून गेलेली.

हिंगोलीचा इलेक्ट्रिशियन सांजच्याला आला. मोटर खोलली. आतलं वाइंडिंग जळून सुटलेलं अन् तार बॉडीला चिकटलेली. त्यानं माझ्याकडं बघितलं अन् विचारलं, "तेव्हा गिरणीला हात कुणाचा होता?" म्या मिराकडं बोट दाखवलं. तो म्हणाला, "अर्थिंग झालेलं होतं म्हणून फ्यूज गेला, भाऊ. न्हाई तर फ्यूज गेला नसता. गिरणी तशीच चालू राहिली असती अन्..." तिथंच थांबून त्यानं पाना उचलला अन् कामाला लागला.

तुमी लिहिलेलं मला तोंडपाठ होतं सर. हात चिकटलेला राहील, गिरणी चालू राहील. पण तुमी लिहिलं तेव्हा तो हात कुणाचाही होता.

पुजा घरी आली. तिला सांगितलं. मला वाटलं आता ही म्हणंल, बघा, मी सांगत होते. आमी सगळे तिला काय काय बोललो, एकदा तरी म्हणायला पाहिजे होतं. तिनं दप्तर ठेवलं अन् याडीच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. मिरा म्हणे, "हिला काय झालं? ताप हाय का?"

पुढच्या महिन्यात तिचं प्रॅक्टिकल हाय. परीक्षक विचारतील, प्रोजेक्टचा उपयोग काय. तिला सांगा, मातीचं सांग, पाण्याचं सांग, घरचं सांगू नको. तिथं तिचा आवाज बसंल अन् मार्क जातील.

मोटर वाइंडिंगला गेली, आठवडाभर गिरणी बंद. तांड्यावरच्या बाया दिवसभर येऊन मला ऐकवून राहिल्या. ऐकवू द्या.

एक सांगायचं राहिलं. इलेक्ट्रिशियन बोलता बोलता थांबला, तेव्हा म्या तिथंच सगळ्यांसमोर मिराचा हात धरला. आपल्याकडं माणूस चारचौघांत बायकोचा हात धरत न्हाई, तुमी जाणता. ती खेकसली, "सोडा की! हाताला पीठ हाय, बाया बघून राहिल्या."

म्या न्हाई सोडला सर.

आपला,
प्रेमदास